चावीमामा

बँडपथकात वाजवणारे पुष्कळ असतात, जुळवणारा एखादाच. तो ज्या पथकात असेल त्या पथकाची वरात वेळेवर निघत नाही, एवढं धरून चालावं. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या केदारखेड्यात हा मान चावीमामांकडे आहे. मामा साइड ड्रम वाजवतात, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. वाजवताना पाहिलेली माणसं गावात शोधावी लागतील. जुळवताना मात्र त्यांना सगळ्यांनी पाहिलंय.

खरं नाव रेशनकार्डावर असेल. शेंबड्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळे चावीमामाच म्हणतात, कारण मामांच्या करगोट्याला ड्रमची चावी बांधलेली असते. घराची चावी मामींकडे, मोटरसायकलची पोराकडे, कोठीची म्हातारीकडे. मामांच्या वाट्याला ही एकच आली आणि तिचं त्यांनी सोनं केलं. बोटाएवढी लोखंडी चावी, तोंडाला चौकोनी भोक. ती आंघोळीलाही सुटत नाही. एका अंगारकीला राजूरच्या गणपतीला भर रांगेत करगोटा तुटला आणि चावी खाली पडली. मामांनी दोन्ही हात पसरून रांग अडवली आणि ओरडले, "कोन्हीच पाय हलवायचा नाई!" लोकांना वाटलं, सोनं पडलं. बायांनी आपापली मंगळसूत्रं चाचपली. चार भले लोक गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. शेवटी चावी सापडली, ती मामांनी कपाळाला लावली, आणि मग ती सोन्याची नाही हे मागच्या माणसांनी पाहिलं. त्यानंतर मामांना जी विशेषणं मिळाली ती थेट गाभाऱ्यापर्यंत पोहोचली असावीत.

मामांचा ड्रम मेरठचा. हे ते पहिल्या भेटीतच सांगतात, आणि पुढच्या प्रत्येक भेटीतही. मेरठच्या जली कोठीत देशभरातल्या बँडवाल्यांची वाद्यं तयार होतात; तिथली नादिर अली अँड कंपनी १८८५ पासूनची. इंग्रजांच्या फौजेबरोबर आलेला हा ड्रम फौजेतून सुटला तो थेट आपल्या मांडवात आला. चौदा इंचांचं तोंड, पोलादी अंग, त्यावरचं पॉलिश दोन-तीन ठिकाणी उडालेलं, आणि भोवती आठ नट. पानं दोन. वरचं मार खातं, खालचं ऐकतं. खालच्या पानाला चिकटून वीस बारीक तारांचा पट्टा असतो. वर टिपरी पडली की आतली हवा खालच्या पानाला ढकलते, पान तारांना झटकतं, आणि साध्या 'ठम'चा 'ठर्र' होतो. बाजूला एक खटका असतो. तो पाडला की तारा पानापासून सुटतात आणि ड्रम मुका नाही, पण साधा होतो.

आता हा ड्रम लावायचा कसा, हे कुणालाही पाच मिनिटांत शिकता येतं. मामांना ते चाळीस वर्षं पुरलंय.

मे महिन्यातला कुठलाही परण्या घ्या. नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला न्यायचं आहे. घोडा आलाय, नवरदेवाच्या डोळ्यांवर मुंडावळ्या आल्यात, करवल्या ताटकळल्यात. क्लॅरोनेटवाल्या मास्तरांनी दोनदा थुंकी झटकली. आणि मामा लिंबाच्या सावलीत मांडी घालून, ड्रम मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसलेले. आधी खटका पाडला. मग डाव्या हाताचं एक बोट पानाच्या मधोमध अलगद टेकवलं. उजव्या हातातल्या टिपरीनं एका नटाजवळ, कडेपासून इंचभर आत, टिचकी. "टुक." ऐकलं. पुढच्या नटाजवळ टिचकी. "टुक." त्याच्या पुढच्या. "टक." मामांचे डोळे खाडकन उघडतात.

"सापडला," ते म्हणतात.

"मामा, नवरदेव घोड्यावर बसला," खुळखुळेवाला पोरगा येऊन सांगतो.

"बसू दे. घोडं मव्हं नाई."

"लोक चिडू राहिले."

"चिडलेल्या लोकाइनं ऐकल्यावर तर अजूनच ढिल्लं ऐकू येतं."

मग करगोट्याची चावी निघते. 'टक' म्हणणाऱ्या नटाला पाव फेरा सोडायचा, लगेच त्याच्या समोरच्या नटाला हात लावायचा, मग त्याच्या काटकोनातल्या दोघांना. शेजारच्या नटाला लागोपाठ कधी हात लावायचा नाही, नाही तर पान एका अंगाला ओढलं जातं आणि त्याला पडलेली सुरकुती जन्मभर जात नाही. आठही झाले की तळहातानं पान मधोमध दाबायचं, म्हणजे जिथं अडकून बसलं असेल तिथून ते सुटतं. ते सुटलं की सूर पुन्हा उतरतो. तो उतरला की पुन्हा एकपासून. मग ड्रम उलटा करायचा. खालचं पान कागदाहून पातळ, त्याला वरच्यापेक्षा थोडं चढं ठेवायचं. ते झालं की तारांचा पट्टा. तो फार आवळला तर आवाज गुदमरतो, फार सोडला तर तारा मार थांबल्यावरही खरखरत राहतात. एवढं होईपर्यंत लिंबाची सावली सरकलेली असते, ड्रम उन्हात आलेला असतो, आणि उन्हानं पान पुन्हा सैल पडलेलं असतं.

हे ऊन मामांचं जुनं दुखणं. त्यांच्या पथकाच्या पुढे हलगीवाला असतो. हलगीचं कातडं शेकलं की आक्रसतं आणि खणखणीत बोलतं, म्हणून तो जिथं जाईल तिथं आधी काडीकचरा गोळा करून जाळ करतो. मामांच्या ड्रमचं पान प्लास्टिकचं; ते तापलं की पसरतं आणि उतरतं. एक जाळ शोधतो, दुसरा सावली. दोघांना एकाच जागी उभं करून परण्या पुढे सरकवणं आजवर कुठल्याही वधूपित्याला जमलेलं नाही. एकदा हलगीवाल्यानं मामांच्या मागंच जाळ केला. मामांनी वळून पाहिलं, काही बोलले नाहीत, शांतपणे तांब्यातलं पाणी जाळावर ओतलं. मग हलगीवाल्यानं उरलेलं पाणी मामांच्या अंगावर ओतलं. त्या दिवशी वाजवलं कोणीच नाही, पण लोक म्हणाले, परण्यात मजा आली.

हे प्लास्टिकचं पान आलं कुठून, याचीही मामांना माहिती आहे, कारण हायस्कूलातल्या सायन्सच्या सरांनी ती त्यांना एकदा दिली आणि त्याचा त्यांना अजून पश्चात्ताप होतो. पूर्वी ड्रमला वासराचं कातडं असायचं. पावसाळी हवेत ते ओलावा धरून लोंबायचं, कोरड्या हवेत तडकायचं. अमेरिकेतल्या रेमो बेली नावाच्या ड्रमरनं १९५७ साली पॉलिस्टरच्या फिल्मची पानं करून विकायला काढली आणि जगभरच्या ड्रमवाल्यांची पावसाच्या कटकटीतून सुटका झाली. मामांनी हे ऐकलं आणि विचारलं, "त्याच्या गावात मे महिना असतो का?" सरांनी सांगितलं, असतो, पण एवढा कडक नसेल. मामा म्हणाले, "मग तो अर्धंच काम करून गेला."

सरांनी एकदा मामांना विज्ञानाच्या वाटेनं वेळेवर आणायचा प्रयत्न केला होता. फळ्यावर गोल काढून ते म्हणाले, "मामा, साध्या ताणलेल्या पानातून निघणारे सूर मुळातच एकमेकांशी जुळत नाहीत. पहिला सूर एक धरला तर पुढचा दुप्पट निघत नाही, दीडपटीच्या जरा वर, १.५९ पट निघतो. तबल्याला मधोमध शाई असते म्हणून तिथं सूर जुळतात. १९२० साली सी. व्ही. रामन यांनी हे दाखवून दिलं. तुमच्या ड्रमला शाई नाही. म्हणजे तो कधीच पूर्ण जुळणार नाही."

सरांना वाटलं, प्रश्न मिटला. मामा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे कधीच जुळत नाई?"

"कधीच नाही."

"मग काम संपत नाई तर."

आणि ते इतक्या आनंदानं घरी गेले की सरांनी पुन्हा फळ्याला हात लावला नाही. जाता जाता सरांनी एवढंच सांगून पाहिलं की सूर दुप्पट चढवायचा तर ताण चौपट करावा लागतो, तेव्हा फार नादी लागू नये. मामांनी मान डोलावली. "त्यापायीच तर नट तुटतेत. मेरठवाल्याला वाटतं, मव्हा हात जड हाये."

घट्ट म्हणजे चांगलं, ही जगाची समजूत. मामांचं सगळं भांडण तिच्याशी आहे. नवशिका ड्रमवाला आठही नट जीव खाऊन आवळतो आणि पान पत्र्यागत वाजवून दाखवतो. मामा त्याला विचारतात, "आवळलं किती ते सोड. सारखं हाये का?" ड्रम खाली लावला तरी चालतो, वर लावला तरी चालतो, आठही जणांची ओढ एकसारखी पाहिजे, मग तो जिथं लावाल तिथं बोलतो. हे तत्त्व त्यांना ड्रमात सापडलं आणि मग त्यांनी ते गावभर लावायला सुरुवात केली.

सोसायटीच्या निवडणुकीत दोन पॅनेलं पडली तेव्हा मामा दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना भेटले आणि म्हणाले, "शेजारच्या गल्लीत नका जाऊ, समोरच्या गल्लीत जा." दोघांनीही ते ऐकलं, दोघेही एकमेकांच्या गल्लीत गेले, आणि तिथं जी मारामारी झाली तिचा आवाज, मामांच्याच शब्दांत, चांगला एकसारखा होता. धाकट्या भावाशी बांधावरून वाद होता, तोही मामांनी याच रीतीनं सोडवायला घेतला. आपल्या बाजूनं पाव फूट सोडलं, भावाला पाव फूट सोडायला सांगितलं, मग पुन्हा आपल्या बाजूनं. आता दोघांच्या मधे बैलगाडी जाईल एवढा रस्ता झालाय आणि तो सरकारी आहे असं तलाठी म्हणतो.

मात्र मंडपवाल्याच्या बाबतीत मामांनी सगळ्यांची तोंडं बंद केली. एका लग्नात ते मंडपाच्या दोऱ्यांवरून बोट फिरवत चालले होते. प्रत्येक दोरी छेडायची, कान द्यायचा, पुढे जायचं. सातव्या की आठव्या दोरीशी थांबले. "ही उतरलीय. मंडप या अंगाला बसन." मंडपवाला हसला. म्हणाला, मामा, ड्रम बघा तुमचा. संध्याकाळी वावटळ उठली आणि मंडप नेमका त्या अंगाला, नेमका आचाऱ्याच्या बुंदीवर बसला. कोणाला लागलं नाही. बुंदी गेली. त्या दिवसापासून पंचक्रोशीतले मंडपवाले मामांना आदल्या दिवशी बोलावतात, दोऱ्या छेडून घेतात, आणि आता आमच्याकडे मंडपसुद्धा वेळेवर उभा राहत नाही.

आठवडी बाजारात मामांना टरबूज विकणं हा वेगळा धंदा आहे. टरबूज सगळेच ठोकून पाहतात. मामा ते फिरवत फिरवत आठ ठिकाणी ठोकतात. एका बाजूनं ते खाली बोललं तर ठेवून देतात आणि दुसरं घेतात. एका टरबूजवाल्यानं शेवटी एक टरबूज फुकट हातात दिलं आणि म्हणाला, "मामा, जा." मामांनी ते तिथंच ठोकून पाहिलं आणि परत केलं.

घरी मामींना या सगळ्याचा त्रास होत नाही असं नाही. ड्रम ओसरीवर खुंटीला टांगलेला असतो आणि घाईत कधी खटका पाडायचा राहतो. मग गंमत अशी होते की मामी स्वयंपाकघरातून "अहो!" म्हणून ओरडल्या की ओसरीवरचा ड्रम आपोआप 'ठर्र' करतो. यात भुताटकी नाही. पानाचा जो सूर असतो, त्या सुराचा आवाज जवळपास कोठूनही आला तर पान थरथरतं आणि तारा बोलायला लागतात. मामींचा आवाज आणि खालच्या पानाचा सूर एकाच ठिकाणी आलेला होता. शेजाऱ्यांची त्यामुळे सोय झाली. ड्रम वाजला की ते मामांना रस्त्यातच सांगायचे, "मामा, आज जरा दमानं घरी जा." मामांनी यावर इलाज म्हणून खालचं पान अर्धा फेरा चढवलं. थोडे दिवस शांततेत गेले. मग मामींनीही आवाज अर्धा फेरा चढवला.

हल्ली लग्नात डीजे असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पेट्या रचून तो जालन्याच्या रस्त्यानं गावात शिरतो तेव्हा खिडक्यांच्या काचा वाजतात, म्हशी दावं तोडतात, आणि मामांचा ड्रम खुंटीवर बसल्या जागी वाजायला लागतो. मामांचा खरा राग हाच. काचा फुटोत, म्हशी पळोत. पण आपण चाळीस वर्षं लावलेला ड्रम असल्या आवाजाला उत्तर देतो म्हणजे काय! पहिल्यांदा हे झालं तेव्हा ते जेवत होते. तसेच उष्ट्या हातानं उठले, ड्रमकडे बघून म्हणाले, "तुला काही लाज?" आणि खटका पाडला.

पण मामांच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मुलानं डीजेच मागितला. मामांनी तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. मामी म्हणतात, फक्त सकाळचं. पण तीन दिवस. शेवटी तडजोड झाली. वरात रात्री, पुढे मामांचा ड्रम, मागे डीजे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, आणि पुढे त्यात वाद्यंही आली. म्हणून वरात साडेआठला निघायची असं नवरदेवानं सगळ्यांना बजावलं. मामांना त्यानं साडेसातची वेळ दिली. त्यालाही बाप कळत होता.

साडेसातला मामा ड्रम घेऊन बसले आणि आश्चर्य म्हणजे सव्वाआठला उठले. "लागला," म्हणाले. गावाचा विश्वास बसेना. क्लॅरोनेटवाल्या मास्तरांनी घाईघाईनं पत्ती ओली केली. वऱ्हाडी उभे राहिले. तेवढ्यात डीजेवाला पोरगा, कानात बाळी, अंगात काळा टी-शर्ट, डोकं खाजवत मामांकडे आला.

"मामा, एक पेटी घरघर करू राहिली. मंडपवाला म्हनला, तुम्हाला कळतं."

नवरदेवानं घोड्यावरून हात जोडले. "आबा, नका."

पण मामा ट्रॉलीवर चढले होते. ते पेटीपुढे उकिडवे बसले, पोराला बारीक आवाजात एक गाणं लावायला सांगितलं आणि पेटीच्या जाळीवर, स्क्रूंच्या शेजारी, नखानं टिचक्या मारत फिरले. टुक. टुक. टुक. टक. "सापडला." पोरानं स्क्रूड्रायव्हर दिला. मामांनी तो स्क्रू पाव फेरा आवळला, मग समोरचा, मग काटकोनातले दोन. पोरानं आवाज वाढवला. घरघर गेली होती. पोरगा मामांच्या पाया पडला. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी मामांनी केलेला फरक ऐकू आला होता.

"चला मामा, उतरा. लावतो आता."

"थांब. पेट्या किती हायेत?"

"आठ."

मामांनी वळून एकवार त्या आठ पेट्यांकडे पाहिलं. आठ! त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मास्तरांनी क्लॅरोनेट पेटीत ठेवून दिलं, हलगीवाल्यानं जाळ विझवला आणि घोडेवाल्यानं जास्तीचे पैसे मागितले. एक पेटी बरोबर बोलते आणि सात नाही, अशी वरात मामा आपल्या पोराची काढू देणार नव्हते. डीजेवाला पोरगाही बिघडला. तो आता मामांच्या शेजारी बसून डोळे मिटून ऐकत होता आणि मधेच म्हणत होता, "मामा, हिचा खालचा डावा उतरलाय का?" मामा म्हणत, "शिकला बरं का पोरगा!"

आठवी पेटी झाली. मामा ट्रॉलीवरून उतरले, ड्रम गळ्यात अडकवला, टिपऱ्या उचलल्या, मान डोलावून मास्तरांना खूण केली. त्याच वेळी पोलिसांची जीप कोपऱ्यावर वळली. जमादार खाली उतरले, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दहा वाजले."

नवरीला नवरदेवाच्या मागे, चिडीचूप, बॅटरीच्या उजेडात घरी आणलं. डीजे बंद, ड्रम बंद, हलगी बंद. उंबऱ्यावर माप ओलांडताना नव्या सुनेनं दबक्या आवाजात सासूला विचारलं, "काहीच काहून वाजलं नाई?"

मामींनी ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. "चाळीस वर्षं लावू राहिले होते, पोरी," त्या म्हणाल्या. "आज लागला."